ताशी ४०० गाठायचंय : मॉडेल जेटला टर्बाइन कुठलं घ्यावं? (नाशिक)

अंबडचा_पतंग
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

सहा-सात वर्षं बॅटरीवरची विमानं उडवली, शेवटचं ९० मिमी डक्टेड फॅनचं (नळीत बसवलेला विजेचा पंखा). संक्रांतीला अख्खी गल्ली गच्चीवर पतंग घेऊन असते तेव्हा मी माळावर विमान घेऊन असतो. घरच्यांनी आशा सोडलेली आहे. आता टर्बाइन, म्हणजे रॉकेलवर चालणारं छोटं जेट इंजिन, घ्यायचं ठरवलंय.

सांगाडा घरात येऊन पडलाय : काच आणि कार्बन फायबरचा, पंखांचा पसारा १.६ मीटर, क्षेत्रफळ जवळजवळ अर्धा चौरस मीटर, इंजिन-इंधन सोडून वजन साडेपाच किलो. उडवायची जागा म्हणजे सिन्नरच्या पुढे मामांचा माळ. तिथे मुरूम टाकून, रोलर फिरवून १८० मीटरची पट्टी केली आहे. इच्छा एकच, ताशी ४०० किमी.

तीन गटांत अडकलोय : १०० न्यूटन (म्हणजे साधारण दहा किलोचा जोर), १४० आणि २२०. जर्मनीची जेटकॅट, तैवानची किंगटेक, स्पेनची जेट्स मुंट, चीनची स्विविन, सगळ्यांची पत्रकं तोंडपाठ झाली. माझा कल २२० कडे आहे. एकदाच खर्च करायचा तर मोठंच घेऊ. शिवाय आपली उंची आणि आपला उन्हाळा बघता जोर कमीच भरणार, तेव्हा हाताशी राखीव असलेला बरा. चुकत असेन तर कान धरा.

मिसळ_कमी_तिखट
वाचतोय. ४०० किमी म्हणजे द्वारका ते सिन्नर चार-साडेचार मिनिटांत. आम्हाला द्वारकेचा चौक ओलांडायलाच तेवढी लागतात.

निवृत्त_ओझरकर
पतंगराव, कान धरतो, पण हळूच.

पत्रकावरचा आकडा इंजिन बाकाला बांधून मोजलेला असतो, तोही समुद्रसपाटीच्या आणि १५ अंशांच्या हिशेबाने. तुमचं विमान पळणार आहे. इंजिन वायू मागे किती वेगाने फेकतं आणि विमान किती वेगाने पुढे जातं, या दोन वेगांतल्या फरकावर जोर ठरतो. १०० न्यूटनचं यंत्र सेकंदाला साधारण ०.२३ किलो हवा गिळतं आणि ती ताशी दीड हजार किमीच्या वर फेकतं. तुम्ही ४०० ने निघालात की त्या शंभराचे पंचाहत्तरच्या आसपास उरतात. हे झालं एक.

दुसरं ड्रॅगचं, म्हणजे हवेच्या अडथळ्याचं. वेग दुप्पट केला की ड्रॅग चौपट. काल रात्री तुमचे आकडे घेऊन कागदावर बसलो. अर्धा चौरस मीटर पंख आणि ड्रॅगचा गुणांक ०.०२ धरला (सांगाडा खरंच गुळगुळीत असेल तर). १०० न्यूटनला निघाले ताशी ३९७. १४० ला ४५८. २२० ला ५६०. म्हणजे जोर दुपटीच्या वर गेला तेव्हा वेग वाढला चाळीस टक्के. आणि १०० वरच राहून ड्रॅग वीस टक्के उतरवलात, म्हणजे चाकांची दारं चपखल बसवली, सांधे घासले, बिजागऱ्यांच्या फटी बुजवल्या, तर फुकटात ४३५ च्या आसपास जाता. कागदावरचे आकडे आहेत, दहा-वीस इकडचे तिकडे होतील, प्रमाण बदलणार नाही.

आता नाशिकची हवा. आपण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. एप्रिलच्या दुपारी ३५ अंशांना इथली हवा पत्रकातल्या हवेपेक्षा १३ टक्के विरळ असते. शिवाय गरम हवेत त्याच फेऱ्यांना कॉम्प्रेसर (पुढचं हवा दाबणारं चाक) कमी दाब देतो. दोन्ही मिळून जोर १५ ते २० टक्के उतरतो. इथवर तुमचं बरोबर आहे. पण अहो, विरळ हवेत ड्रॅगही उतरतो की! कमाल वेगात फरक पडतो आठ-दहा किमीचा. उन्हाळा खरा अंगावर येतो तो जमिनीवर. उड्डाणाची धाव चाळीस टक्क्यांनी लांबते.

अंबडचा_पतंग
काका, सविस्तर प्रतिसादाबद्दल खूप आभार. मी तर उलटंच धरून बसलो होतो. पण मग धाव लांबते म्हटल्यावर मोठं इंजिन बरंच की?

निवृत्त_ओझरकर
किती लांबते ते बघा. तुमचं विमान तीस मीटरमध्ये उचललं असतं, ते बेचाळीसमध्ये उचलेल. पट्टी १८० ची आहे.

रॉकेलकाका
धावपट्टी चढताना कुणालाच कमी पडत नाही, उतरताना पडते. ओझरकरांनी मांडणी छान केली, मी माळावरचं सांगतो. दोन टर्बाइनं वापरली आहेत, एक अजून चालू आहे.

टर्बाइन बंद केल्याशिवाय त्याचा जोर शून्य होत नाही. आयडलला, म्हणजे थ्रॉटल पूर्ण खाली असताना, १०० वालं चार-पाच न्यूटन ढकलत राहतं, २२० वालं नऊ-दहा. ऐकायला किरकोळ वाटतं. पण टाकी रिकामी होत आलेलं आठ-साडेआठ किलोचं विमान आणि मागून त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त रेटा : ते खाली बसायलाच तयार नसतं. पट्टीच्या या टोकाला टेकवायचं म्हणून आलात तर मध्यावर पोचता, आणि मुरमावर ब्रेक काय धरतात ते तुम्हाला माहीत आहे. थ्रॉटल परत द्यावा तर आयडलपासून पूर्ण जोर यायला तीनेक सेकंद जातात. बॅटरीवाल्या माणसाला या तीन सेकंदांची सवयच नसते. माझं पहिलं विमान या तीन सेकंदांतच शेजारच्या कांद्यात गेलं.

वजनाचंही बघा. १०० चं यंत्र किलोभराचं, ९७ मिमी व्यासाचं. २२० चं पावणेदोन किलोच्या वर, ११७ मिमी. पूर्ण थ्रॉटलला पहिलं मिनिटाला साडेतीनशे ते चारशे मिली पितं, दुसरं सातशेच्या वर. आठ मिनिटांच्या उड्डाणाला एकाला अडीच लिटरची टाकी पुरते, दुसऱ्याला साडेचार हवी. बेरीज करा, अडीच किलो वाढले. ते अडीच किलो घेऊन उडायचं, आणि स्टॉलचा वेगही (ज्याच्या खाली पंख विमान पेलत नाहीत) बारा-तेरा टक्क्यांनी वर.

गोदाकाठचा_गणपत
काकांना +१. एक भर घालतो. टर्बाइन मॉडेलचा गिनेसमध्ये नोंदलेला वेग ताशी ७४९.२२१ किमी आहे. जर्मनीच्या नील्स हेरब्रिखने सप्टेंबर २०१७ मध्ये बालनश्टेटला केला. विमानाचं नाव इन्फर्नो, आणि इंजिन १८० न्यूटन गटातलं बेहोटेक. बाजारात त्याहून मोठी यंत्रं होती की. त्याने मेहनत घेतली ती विमानाच्या आकारावर. तुम्ही ४०० साठी २२० घेताय.

अंबडचा_पतंग
खिक्. हे लागलं.

लेथवाला_सातपूर
इंजिन विकत का घेताय पण? आमच्याकडे पाच अक्षांचं मशीन आहे, टर्बोचार्जरचं चाक बाजारात मिळतं, बाहेरचा डबा स्टेनलेसच्या पत्र्याचा. जर्मनीच्या कुर्ट श्रेकलिंगने प्लायवुडचं कॉम्प्रेसर चाक करून टर्बाइन चालवलं होतं, हे मी वाचलंय. केजे-६६ या घरी करता येणाऱ्या टर्बाइनचे नकाशे तर जगभर फिरलेत. सातपूर-अंबडला काय बनत नाही सांगा.

निवृत्त_ओझरकर
लेथवाले, तुमच्या हातावर शंका नाही, पण जरा थांबा. ६६ मिमीचं चाक मिनिटाला १ लाख २० हजार फेऱ्यांनी फिरलं की त्याचा काठ सेकंदाला ४१५ मीटरने जातो, आवाजापेक्षा जास्त. १०० न्यूटनची आजची यंत्रं तर दीड लाख फेऱ्यांच्या आसपास असतात. अशा चाकाला मिलिग्रॅमच्या हिशेबाने बॅलन्सिंग लागतं. टर्बाइनचं चाक निकेल मिश्रधातूचं, ओतीव. ते लालभडक असताना केंद्रापसारक बलाने ताणलं जात असतं आणि त्याच्या पात्यांच्या टोकाशी फट राहते मिमीच्या काही दशांश. श्रेकलिंगबाबांनी केलं ते खरं, पण ते बाकावर वर्षानुवर्षं प्रयोग करत होते आणि त्यांना ४०० ची घाई नव्हती.

बाकावर चालवायला जरूर करा. मी स्वतः बघायला येईन, वाळूच्या पोत्यांमागे बसून. पण पहिल्या जेटमध्ये पहिलं घरगुती इंजिन घालू नका, काय चुकलं तेच कळणार नाही.

अवांतर : आमच्या ओझरच्या विमान कारखान्यात मिग बनले, सुखोई बनले, आता तेजसही उडालं, पण सुखोईची इंजिनं ओडिशातल्या कोरापुटच्या कारखान्यातून येतात. विमान करणं आणि इंजिन करणं हे दोन वेगळे संसार आहेत, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकलो.

लेथवाला_सातपूर
पटलं. वाळूची पोती मी आणतो.

बॅटरी_जिंदाबाद
मी विरुद्ध बाजूने. टर्बाइनचा हट्ट कशाला? बारा सेलवर ९० चा फॅन घ्या, चार-पाच किलोचा जोर मिळतो, रॉकेलचा वास नाही, आगीची भीती नाही.

रॉकेलकाका
भाऊ, फॅनची मजा वेगळी, मान्य. पण फॅनमागून हवा निघते सेकंदाला शंभर मीटरच्या आगेमागे. ४०० किमी म्हणजे सेकंदाला १११. मागे फेकलेल्या हवेपेक्षा पुढे जास्त वेगाने जायचं कसं? आणि आगीची भीती नाही हे लिथियम बॅटरीच्या मालकाने म्हणू नये.

बॅटरी_जिंदाबाद
शेवटचं वाक्य वैयक्तिक घेतो. २०१९, सोफा. बाकी चालू द्या.

वेगळी_वाट
इंजिनावर एवढं बोललात, सांगाड्याला कुणी विचारलं नाही. मी कॉम्पोझिटचं काम करते, त्यामुळे माझी नजर तिकडेच जाते.

पतंगदादा, तो सांगाडा किती वेगासाठी केलाय हे बनवणाऱ्याला लेखी विचारा. ४०० ला पहिलं काय जातं तर फ्लटर. शेपटीवरच्या एलेव्हेटरला किंवा पंखावरच्या एलेरॉनला, म्हणजे हलणाऱ्या पात्यांना, जरा खेळ असला की एका ठरावीक वेगाला ते फडफडू लागतं आणि अर्ध्या सेकंदात शेपूट निघून येते. खालून फक्त ‘भर्र’ असा आवाज ऐकू येतो. सर्वोच्या (पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) गिअरमधला खेळ, दांड्याचा लवचिकपणा, दांडा अडकवायचा हॉर्न कातडीला कसा चिकटवलाय, हे सगळं बोटांनी हलवून बघा. सर्वो बंद असताना नव्हे, चालू असताना. शेपटीला प्लॅस्टिक गिअरचा सर्वो असेल तर तो आजच काढा.

आणि २२० चं यंत्र ११७ मिमीचं आहे. तुमच्या सांगाड्यातली चौकट किती मिमीला कापलेली आहे? ती वाढवायला गेलात तर पंखाचा भार पेलणारी चौकटच कमजोर कराल. हवा घ्यायची तोंडंही इंजिनाच्या भुकेला पुरायला हवीत. लहान तोंडाच्या विमानात मोठं इंजिन म्हणजे तोंड दाबून पळायला लावणं.

अंबडचा_पतंग
ताई, चौकट मोजली. भोक ११० मिमीचं आहे. हे मी आधी मोजायला हवं होतं. २२० चा विषय इथेच संपला. आता १०० की १४०?

रॉकेलकाका
तुमच्या जागी मी असतो तर १००. १४० घेतलंत तर पंधरा टक्के वेग वाढेल. तो वाढलेला वेग तुम्हाला दिसणारही नाही, कारण अर्धा किलोमीटर लांब गेलेलं दीड मीटरचं विमान कावळ्याएवढं दिसतं, आणि ४०० ने ते तिथे साडेचार सेकंदांत पोचतं.

कंपनीपेक्षा आधी हे विचारा : बिघडलं तर कुठे जाणार? बऱ्याच यंत्रांना २५ तासांनी सर्व्हिस सांगतात. आठ मिनिटांचं उड्डाण धरलं तर दीडशेच्या वर उड्डाणं झाली, दर रविवारी तीन केलीत तरी वर्ष सहज निघतं. पण तेव्हा ते पाठवायचं कुठे? माझं एक इंजिन बेअरिंगसाठी परदेशी गेलं. दुरुस्ती आठवड्यात झाली, परत यायला सात महिने लागले, कागदपत्रांत अडकून. पाठवताना ‘दुरुस्तीसाठी तात्पुरतं’ अशी नीट नोंद केली नव्हती, चूक माझीही होती. तेव्हा ज्या कंपनीचं सर्व्हिस देणारं माणूस देशात आहे, किंवा जिचं यंत्र आपल्या ओळखीतल्या दोघा-तिघांकडे आहे, ते घ्या. पंप, आग पेटवणारे ग्लो प्लग, सेन्सर एकमेकांचे उसने मिळतात. पत्रकावरच्या पाच न्यूटनपेक्षा शेजाऱ्याकडचा जादा पंप मोलाचा.

आपोआप केरोसीनवर चालू होणारं घ्या, जुनी गॅसवर पेटणारी स्वस्तात मिळाली तरी नको. आणि स्वस्त मिळतंय म्हणून वापरलेलं घेणार असाल तर ईसीयूमधले (इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकातले) तास आधी बघा. किती तास चालवलं, किती वेळा चालू केलं, शेवटचं बंद का पडलं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. विकणारा विसरतो, ईसीयू विसरत नाही.

अंबडचा_पतंग
इंधनाचं काय करता? विमानाचं इंधन मला कोण देणार?

रॉकेलकाका
पांढरं रॉकेल मिळालं तर उत्तम. निळं नको, ते रेशनचं. नाहीतर पंपावरचं डिझेल. यंत्राच्या पुस्तिकेत डिझेल चालेल असं लिहिलंय का बघा, बहुतेकांत असतं. वास येतो, थंडीत सकाळी सुरू व्हायला कुरकुरतं, बाकी तक्रार नाही. त्यात ५ टक्के टर्बाइन ऑइल, म्हणजे वीस लिटरला एक लिटर. ते विसरलात तर यंत्र गेलं, कारण बेअरिंगला तेल वेगळं नसतंच, इंधनातूनच मिळतं. मी कॅनवर लाल रिबीन बांधतो. रिबीन नाही तर तेल घातलेलं नाही.

आणि गाळणी. मग दुसरी गाळणी. मग बुडबुडे अडवणारी छोटी टाकी, इंजिनाच्या अगदी आधी. नळीत वाटाण्याएवढा बुडबुडा गेला की आग विझते, आणि आग विझली की तुम्ही ग्लायडर उडवताय.

बागाईतदार_पिंपळगाव
मी विमानवाला नाही, पण भाचा उडवायचा म्हणून माहीत आहे. दिवाळीनंतर माळावरचं कुसळी गवत वाळलं की ठिणगी पुरते. आमच्याकडे एकदा सुरू करतानाच मागून हातभर जाळ आला. आधीच्या फसलेल्या प्रयत्नातलं रॉकेल आत साचलं होतं म्हणे. पोरांनी शेतातली फवारणीची टाकी आणून पाणी मारलं. विझलं, पण इंजिन गेलं. पट्टीच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा फूट गवत काढा. टँकर नाही तर निदान पाठीवरचा पंप भरून ठेवा. आणि शेजारी द्राक्षबाग असेल तर वरची पक्ष्यांची जाळी लांबून दिसत नाही, लक्षात ठेवा.

रॉकेलकाका
दादांचं सोळा आणे खरं. गवताला पाणी, इंजिनाला मात्र कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. पावडरचा मारलात तर आग विझते आणि यंत्र भंगारात जातं. विझवताना वायू हवा घ्यायच्या तोंडातून मारायचा, मागून नाही. फसलेल्या प्रयत्नानंतर विमान कलवून साचलेलं इंधन ओतून टाकायचं, मगच पुन्हा कळ दाबायची.

कायद्याचं_बोला
मंडळी, एक कोरडा प्रतिसाद. ड्रोन नियम २०२१ मध्ये २५ किलोपर्यंतच्या, हौशीने आणि नजरेच्या टप्प्यात उडवायच्या मॉडेल विमानाची वेगळी व्याख्या आहे. त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. पण नोंदणी आणि आकाशाचे रंग (नकाशावरचे हिरवा, पिवळा, लाल भाग) लागू आहेत. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत, विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत. त्यावर किंवा त्याच्या आत परवानगी. नाशिकला ओझर आहे, गांधीनगरला सैन्याचा हवाई तळ आहे, देवळालीला तोफखाना आहे आणि सिन्नरच्या पलीकडे शिर्डीचा विमानतळ. मामांचा माळ नकाशावर टाकून बघा, अंदाजाने ‘आपण लांब आहोत’ म्हणू नका.

आता गंमत बघा. ४०० फूट म्हणजे १२० मीटर. ताशी ४०० ने १० जी (वजनाच्या दहापट ताण) ओढून गोल वळलात तरी त्रिज्या १२६ मीटर येते. म्हणजे उभा लूप मारला तर अडीचशे मीटर उंची लागते. तुमच्या वेगाला नियमाच्या उंचीत लूप बसतच नाही. सरळ जाणं आणि आडवं वळणं एवढंच. अमेरिकेतल्या एएमए या मॉडेल विमानवाल्यांच्या संघटनेच्या नियमांत टर्बाइन मॉडेलला ताशी २०० मैल, म्हणजे ३२२ किमीची मर्यादा आहे, ती उगाच नाही.

आणि नऊ किलोचं विमान ४०० ने येतं तेव्हा त्यात जेवढी ऊर्जा असते तेवढी डबलसीट बुलेट ताशी पासष्टने येताना असते. माणसं, गुरं, रस्ता, यांच्या दिशेने एकही फेरी नको. विमा काढा.

अंबडचा_पतंग
नकाशा बघितला, माळ हिरव्यात आहे. लूपचं गणित डोक्यात आलंच नव्हतं. म्हणजे खरं तर ४०० ने मी करणार काय, तर नाकासमोर जाणार आणि वळून येणार.

ठरलं, १०० न्यूटन. कंपनी जाहीर करत नाही, उगाच वाद नको, पण नाशकात दोघांकडे तीच आहे आणि एकाने जादा पंप दाखवलाय. वाचलेल्या पैशात शेपटीचे सगळे सर्वो बदलतोय आणि सिलिंडर आणतोय. पहिली पन्नास उड्डाणं अर्ध्या थ्रॉटलवर, असं बायकोसमोर कबूल केलंय.

लेथवाले, चौकट ११० ची आणि यंत्र ९७ चं, मधली कडी करून द्याल का?

लेथवाला_सातपूर
देतो, ॲल्युमिनियमची. पण पत्रकातलं ९७ मला सांगू नका. यंत्र हातात आलं की व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजा आणि फोटो टाका. आणि गरम झाल्यावर डबा फुगतो, त्याला किती फट ठेवायची ते पुस्तिकेत बघून सांगा.

अंबडचा_पतंग
बरं. तोवर ९७ चा सागवानी ठोकळा करून, आत शिसं भरून, वजन जुळवून विमानात बसवलाय. गुरुत्वमध्य बघतोय. नाक जड निघतंय, बॅटरी मागे सरकवावी लागणार.